लोतारेची बाग

ग्रनोबल, जुलै २०२४

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुला कासपुढे दुसरं काही दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. इथून वर घाटात, लोतारे खिंडीपाशी, २१०० मीटर उंचीवर आमच्या विद्यापीठाची बाग आहे. यंदा तिला १२५ वर्षं झाली. हिशेब मात्र सरळ नाही हं! १८९९ मध्ये प्राध्यापक लाशमान यांनी लावलेली बाग आजच्या जागी नव्हतीच. रस्त्याचं काम निघालं आणि १९१९ मध्ये सगळा संसार हलवावा लागला. लाशमान तोवर वारले होते. ते काम मिरांद यांनी निभावलं. मग दुसऱ्या महायुद्धात बाग ओस पडली, आणि १९५० नंतर रुफिए-लांश यांनी ती जवळजवळ नव्याने उभी केली. वय एक, जन्म तीन.

समोर ला मेजचं ३९८३ मीटरचं शिखर, आणि इकडे दोनेक हजार प्रकारची झाडं, जगातल्या डोंगररांगांनुसार वेगवेगळ्या भागांत मांडलेली. आल्प्समधली सिलेनी नावाची बुटकी वनस्पती जमिनीला इतकी घट्ट चिकटून वाढते की वाऱ्याला शिरायला जागाच नाही; ऊन पडलं की तिच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा जास्त ऊब. हिमालयाच्या भागात निळी पॉपी फुलली होती. आपण व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे नुसते बेत करत राहिलो, आणि मी ती बघितली फ्रान्समध्ये! हसू नकोस.

बागेत ब्रिटिश ध्रुवसंशोधक कॅप्टन स्कॉटचं दगडी स्मारकही आहे. दक्षिण ध्रुवासाठीच्या मोटारस्लेज त्याने १९०८ मध्ये इथल्याच बर्फात चालवून पाहिल्या होत्या, सोबत फ्रेंच ध्रुवसंशोधक शार्को. पुढे अंटार्क्टिकात त्या फार टिकल्या नाहीत. माणूसही परतला नाही.

मला सगळ्यात आवडला तो अलीकडचा प्रयोग. गवताचे मातीसकट कापलेले तुकडे हेलिकॉप्टरने वरून खाली आणले, खालचे वर नेले. हवा तापली तर कुरणाचं काय होईल, ते बघायला. स्मारकापेक्षा लोकांनी या प्रयोगासमोर थांबायला हवं, पण फोटो सगळे ला मेजचे काढतात. मीही काढले, सोबत पाठवतोय.

बाग जूनच्या सुरुवातीला उघडते आणि सप्टेंबरात बंद. तिकडे पावसाने जीव नकोसा झाला की ये. फक्त टूर द फ्रान्सचा दिवस टाळ. या महिन्यात सायकलवाले इथूनच गॅलिबिए खिंड चढले. अशा दिवशी घाटात गाडी न्यायची सोय नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या