भिंती जातायत, निदान नोंद तरी राहू दे: मदतीसाठी आवाहन

शहरातल्या भिंतींवरच्या चित्रांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या गटातल्या सर्वांना नमस्कार,

पुलाखालच्या लांब भिंतीचं काय झालं ते आतापर्यंत सगळ्यांना कळलंच असेल. शनिवारी संध्याकाळी चित्र जागेवर होतं, सोमवारी सकाळी सगळा पांढरा रंग. ती पाठमोरी म्हातारी, जिच्या सुटलेल्या वेणीतून मासे पोहत पोहत भिंतभर पसरले होते, ती गेली. आपल्याकडे तिचे फोटो निघाले चार, आणि चारही डाव्या बाजूचे. उजवीकडे कायम ट्रक उभा असायचा, म्हणून दर वेळी आपण म्हणायचो पुढच्या रविवारी काढू. चित्रकाराची सही उजव्या कोपऱ्यात खाली होती, तीही गेली, आता ते चित्र कोणाचं होतं हे सांगायला आपल्याकडे काही नाही. दोन दिवस हेच डोक्यात आहे म्हणून आज लिहायला बसले, घाईत लिहितेय, चूकभूल पदरात घ्या.

जुन्या लोकांना आठवत असेल, सुरुवातीला आपण पाच-सहाजण होतो, हातात एक साधी वही आणि ड्रॉइंगचे सर पुढे. सर नसते तर आपल्याला बघताच आलं नसतं हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणते आणि परत म्हणेन. रोजच्या रस्त्यावरच्या भिंतीसमोर त्यांनी आपल्याला वीस-वीस मिनिटं उभं केलं. स्प्रेचा डबा भिंतीच्या जवळ धरला की रेघ बारीक आणि धारदार येते, लांब धरला की कडा धुरकट होतात, आणि हात जरा रेंगाळला की रंगाचा ओघळ येतो, हे त्यांनी दाखवलं. स्टेन्सिल, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग मारून काढलेलं चित्र, कशी ओळखायची तर अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये बारीक पट्टी सोडलेली असते, तिथे रंगात फट दिसते. हे कळल्यापासून मला तर रस्त्याने सरळ चालताच येत नाही! विजेच्या डब्यावरची ती गुडघ्याएवढ्या उंचीवरची चिमणी आठवते ना? आपण मोठी माणसं तिथून कितीदा गेलो असू, सापडली ती आपल्यासोबत आलेल्या सात वर्षांच्या पोरीला, कारण चिमणी तिच्या नजरेच्या जवळ होती. तळहाताएवढी चिमणी, आणि चोचीत खऱ्या वायरचं टोक. तेव्हापासून आपण फिरताना खाली वाकूनही बघतो.

गॅलरीवाल्या काकूंचे आभार किती मानू? समोरच्या पाच मजली चित्राचा सरळ फोटो फक्त त्यांच्या गॅलरीतून येतो, आणि त्यांनी कधीही, अगदी घरात पाहुणे असतानाही, दार उघडायला नाही म्हटलं नाही. कुठलं चित्र कुठे आहे ते दाखवणारा आपला पहिला नकाशा ज्या दादांनी एक पैसा न घेता छापून दिला त्यांनी स्वतःचं नाव टाकू दिलं नाही, म्हणून इथेही टाकत नाही. खजिनदार ताईंनी तीन वेळा स्वतःच्या खिशातून भर घातलीय, ते त्यांना आवडणार नाही तरी मी सांगणार.

आता जे मनात आहे ते. मागचं आवाहन केलं तेव्हा अंगठे खूप आले, प्रत्यक्षात आली तीन माणसं. राग नाही, पण वाईट वाटलं. शहरात पाहुणे आले की याच भिंतींसमोर उभे राहून सगळे फोटो काढतात आणि नोंदीचं काम म्हटलं की कोणाला वेळ नसतो. काहीजण तर म्हणाले, भिंती खराब करणाऱ्यांचं कौतुक कशाला. त्यांना एवढंच सांगते की फिलाडेल्फियात १९८४ साली भिंतीवर विनापरवाना होणारी रंगरंगोटी (ग्राफिटी) थांबवायलाच सरकारी मोहीम सुरू झाली होती, त्यात ती करणाऱ्या पोरांच्याच हाती ब्रश दिले, आणि आज ते शहर म्युरल्ससाठी, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चित्रांसाठी, ओळखलं जातं. कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराने १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये खेळाच्या मैदानाच्या भिंतीवर ‘क्रॅक इज वॅक’ हे क्रॅक नावाच्या अमली पदार्थाविरुद्धचं चित्र काढलं ते परवानगी न घेता, आणि आज तीच भिंत जपली जाते. बर्लिनच्या भिंतीचा १३१६ मीटरचा तुकडा २१ देशांतल्या ११८ चित्रकारांनी १९९० मध्ये रंगवला, तोही ऊन-पावसाने आणि लोकांच्या खरडण्याने इतका खराब झाला की २००९ मध्ये नव्याने रंगवावा लागला. दिल्लीच्या लोधी कॉलनीत पन्नासच्या वर रंगवलेल्या भिंती आहेत, माणसं मुद्दाम चालत बघायला जातात.

आणि न्यूयॉर्कचं फाइव्ह पॉइंट्झ, चित्रकारांनी भिंती रंगवलेली एक जुनी इमारत. २०१३ मध्ये मालकाने रातोरात सगळी इमारत पांढरी केली. चित्रकार कोर्टात गेले, २०१८ मध्ये कोर्टाने २१ जणांना ६७ लाख डॉलर द्यायला सांगितले. कोणतं चित्र कोणाचं, ते कसं दिसायचं, हे तिथे फोटो आणि नोंदी होत्या म्हणून दाखवता आलं. आपल्या म्हातारीच्या बाबतीत आपण काय दाखवणार, डावी वेणी?

रंग टिकत नसतो, हे आपल्याला माहीत आहे. ओल आली की प्लास्टरमधले क्षार बाहेर येतात आणि रंगाचे पोपडे सुटतात, कागद चिकटवून केलेली चित्रं तर एका पावसातच लोंबायला लागतात. चित्र वाचवणं आपल्या हातात नाही, बरेचदा ते चित्रकाराच्याही मनात नसतं. पण तारीख, जागा, सही, पूर्ण सरळ फोटो आणि जवळचा फोटो, एवढं तर आपल्या हातात आहे ना.

तर काय हवंय ते पटकन सांगते. फोटो ठेवायला दोन हार्ड डिस्क (एकच आहे आणि ती आवाज करायला लागलीय), रुंद लेन्सचा कॅमेरा जुना चालेल, घडीची शिडी, नकाशाची नवी छपाई. रक्कम कितीही चालेल, फक्त खजिनदार ताईंकडेच द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, क्यूआर ग्रुपवर वर पिन केलाय. पैसे जमत नसतील तर महिन्यातली एक रविवार सकाळ द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपापले जुने फोन, जुने अल्बम उघडून बघा. म्हातारीच्या उजव्या बाजूचा फोटो कोणाकडे तरी असणारच, लग्नाचा, वाढदिवसाचा, सहज काढलेला सेल्फी असेल तरी चालेल, मागे भिंत दिसली तरी पुरे. मूळ फाइल पाठवा, स्क्रीनशॉट नको, त्यात सही वाचता येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला नेहमीच्या चौकात. गोदामाच्या मागच्या गल्लीपासून सुरू करतोय, तिथे कालच परांची बांधायला घेतलीय.

आपली,
सचिव