आईच्या हातात मासा देणाऱ्या लोफोटेनच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर, राइने गावात लाकडी मांडवावरून वाळलेला कॉड मासा उतरवत असलेल्या एका माणसाला हे पत्र आहे, एवढं पुरे. तुमच्या मुलीला इंग्रजीत दोन ओळी पाठवल्या होत्या, पण त्यात मनातलं काहीच उतरलं नाही, म्हणून हे सविस्तर.

माझी आई वेसाव्याची कोळीण. सगळी हयात डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, त्यावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली. नॉर्वेला जायचं ठरलं तेव्हा तिला बर्फाचं कौतुक नव्हतं, मध्यरात्रीच्या सूर्याचंही फारसं नव्हतं. तिकडे बोंबलासारखी मासळी बाहेर मांडवावर वाळवतात, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं. तेवढ्यासाठी ती आली.

ज्या सहल कंपनीबरोबर आम्ही आलो तिने ‘संपूर्ण लोफोटेन’ दाखवण्याचा शब्द दिला होता. देखावे दाखवले, ते नाकारत नाही. समुद्रातून सरळ वर उठलेले काळे कातळ, हाम्नोयच्या पुलावरून दिसणारी कोळ्यांची लाल लाकडी घरं, साक्रिसोयची पिवळी घरं, राम्बर्गची पांढरी वाळू आणि तिच्यापुढचं हिरवंनिळं पाणी. मे महिन्याची अखेर होती, सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता. आईने हे सगळं मन भरून पाहिलं. पण रस्त्याकडेला मांडव दिसायला लागले तशी ती खिडकीला चिकटली आणि तिने व्यवस्थापकाकडे पाच मिनिटं मागितली. सगळ्या गाडीसमोर तो म्हणाला, “मावशी, तिकडे नको. वास कपड्यांत बसला तर बाकीच्यांना त्रास होईल.” मागच्या सीटवर कुणीतरी हसलं.

आई काही बोलली नाही. हे वाक्य तिला नवं नव्हतं. लोकलच्या मालडब्यातून फलाटावर उतरताना, इमारतीच्या लिफ्टमध्ये, माझ्या शाळेच्या पालकसभेत, निरनिराळ्या शब्दांत तिने ते ऐकलंय. पण पैसे भरून, इतक्या दूर येऊन, जिथे तोच वास गावाचं वैभव आहे तिथे आपल्याच माणसाकडून ते ऐकावं लागलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गेला नाही तरी चालेल.

राइनेला बाकीचे कॉफीला गेले आणि मी आईला घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही पाहुण्यांसाठी असतं तसलं हसू आणलं नाहीत. मान हलवलीत आणि काम चालू ठेवलंत. आई मांडवाखाली उभी राहून वर बघत होती. डोकं काढलेले मासे, दोन-दोन, शेपटीला शेपूट बांधून दांड्यावर टाकलेले. ती मला म्हणाली, “आपण जबड्यात जबडा अडकवतो, हे शेपटी बांधतात. जोडी ती जोडीच.” तुमच्या मुलीने तुम्हाला ते सांगितलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा थांबलात. मग तुम्ही सांगत गेलात आणि आई विचारत गेली. मीठ किती? अजिबात नाही. किती दिवस? फेब्रुवारीपासून टांगलेत. माशा बसत नाहीत? थंडी असते, पण समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे मासा गोठून फुटण्याइतकी कडक नसते, आणि माशा यायच्या आत तो सुकलेला असतो. उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातून कॉड अंडी घालायला लोफोटेनजवळच्या वेस्टफ्योर्ड खाडीत येतो, हेही तेव्हाच कळलं. बोंबील चार उन्हांत वाळतो, त्यामुळे तुमचे तीन महिने ऐकून आईने कपाळाला हात लावला. तुम्ही दोन मासे एकमेकांवर आपटून दाखवलेत. लाकडावर लाकूड वाजावं तसा आवाज आला.

आणि मग ती गोष्ट. तुमच्यापुढे दोन ढीग होते, चांगल्याचा आणि बाजूला काढलेल्याचा. चांगल्याच्या ढिगावर ठेवायला घेतलेला एक मासा तुम्ही आईपुढे धरलात आणि नुसते तिच्याकडे बघत राहिलात. आईने तो दोन्ही हातांत घेतला. मानेपाशी जिथे डोकं कापलेलं असतं तिथे अंगठा दाबला, पोटाची कड उलगडून नाकाशी नेली आणि म्हणाली, “आतून ओला हाय यो.” तुम्ही भाषांतराची वाट पाहिली नाहीत. मासा परत घेतलात, तिथेच अंगठा दाबलात, वास घेतलात आणि तो दुसऱ्या ढिगावर टाकलात.

एवढंच. पण काका, माझ्या आईच्या नाकाला आणि अंगठ्याला त्या दिवशी किंमत मिळाली. लोक त्या वासासाठी तिच्यापासून सरकून बसायचे. तुम्ही त्याच वासाबद्दल तिचं मत विचारलंत आणि तिच्या शब्दावर माल बदललात. पाहुणचार म्हणून कुणी हे करत नाही, कारण त्यात तुमचं नुकसान होतं.

नंतर तुमच्या मुलीने सांगितलं की उतरवलेला मासा आत ठेवून मुरवतात आणि मग जाणकार माणूस हाताने, नाकाने त्याची वीसेक दर्जांत प्रतवारी लावतो. चांगला माल इटलीला जातो, डोकी नायजेरियाला. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा एक दर्यावर्दी जहाज फुटून लोफोटेनच्या रोस्ट बेटावर आला, तिथल्या कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या माणसांना महिनोन् महिने सांभाळलं, आणि इटलीला या माशाची ओळख त्याच्यामुळे झाली असं मानतात. त्याआधी तीनशे वर्षं, ११२०च्या सुमाराला, नॉर्वेच्या राजा ओयस्टाइनने परगावाहून येणाऱ्या मच्छीमारांसाठी निवारे बांधले. मासे धरणाऱ्याला छप्पर हवं हे तिथे राजाला सुचलं. आमच्या मुंबईत कोळीवाड्यांची मासळी वाळवायची जागा वर्षागणिक आकसतेय आणि बायकांना त्यासाठी भांडत बसावं लागतं. सभ्यपणा काही देशाच्या श्रीमंतीवर ठरत नाही, हे मला मान्य आहे. वेसाव्यातही अनोळखी माणसाला उपाशी पाठवत नाहीत. पण दुसऱ्याच्या कामाची जाण ठेवणारी माणसं कुठेही भेटली की त्यांना मोठ्याने सांगावं, असं मला वाटतं.

परतताना आईच्या शालीला वास होता. ती आमच्या गाडीत सगळ्यांच्या मधून ताठ चालत जाऊन बसली. त्या व्यवस्थापकाला काही बोलायची तिला गरज वाटली नाही. मीच बोलले, आणि बरंच बोलले.

आईचा एक प्रश्न विचारायचा राहिलाय. बाजूला काढलेल्या त्या ढिगाचं तुम्ही काय करता? आमच्याकडे तसली मासळी कोंबड्यांच्या खाद्याला जाते आणि भाव फार पडतो. तुमच्याकडे काही बरा मार्ग असेल तर मुलीकडून नक्की कळवा. तिला मासळी बाजारातल्या बायकांना सांगायचंय.

तुमची,
वेसाव्याच्या त्या कोळणीची लेक