केंद्रात रात्री डॉक्टर असतो का, हे आधी विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हल्ली हाताबाहेर गेलेल्या पोरांना 'सुधारणा केंद्रात' टाकायचं फॅड आलंय. आमच्या घरातलंच सांगतो. भाचा 16 वर्षांचा, कॉलेज बंद, रात्रभर मोबाईल, त्यात सिगरेट सापडली आणि एकदा दाजींच्या अंगावर धावून गेला, मग ताई आणि दाजींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याला एका केंद्रात सोडलं. अ‍ॅडमिशनचा फॉर्म मी पाहिलाय, फी किती हप्त्यात देणार त्याला पाच ओळी आणि औषधं चालू आहेत का याला एक चौकोन. पोराला नऊ वर्षांचा असल्यापासून फिट्सच्या गोळ्या चालू. ताईने टिक केली, महिन्याच्या स्ट्रिप्स हातात दिल्या. तिथले सर म्हणाले, ताई काळजी करू नका, इथं गोळ्या बंद, फक्त योगा आणि शिस्त.

चौथ्या दिवशी सकाळी पीटीला पोरगा आडवा झाला, तोंडाला फेस. तर म्हणे नाटकं करतोय, तोंडावर पाणी मारा! आम्हाला फोन संध्याकाळी आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्यावरच भडकल्या, फिट्सची गोळी अशी एकदम तोडतात का, जीव गेला असता. त्यांनीच सांगितलं की झोपेच्या गोळ्या किंवा दारूची सवय असेल आणि ती अचानक बंद केली तरी फिट येऊ शकते, म्हणून सोडवायचं तेसुद्धा डॉक्टरच्या नजरेखाली. आणि पोरगं चिडचिड करतंय, अभ्यासात घसरलंय तर आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 बघा, हात थरथरत असेल, अक्षर बिघडलं असेल तर विल्सन नावाचा लिव्हरचा आजारही असू शकतो, त्यावर औषध आहे. यातलं काहीच केंद्राने विचारलं नव्हतं, आम्हालाही सुचलं नाही हे खरंच.

नंतर वकील मित्राकडून कळलं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात 18 च्या आतल्या मुलासाठी नियम आहेत. भरती करायच्या आधीच्या 7 दिवसांत किंवा त्याच दिवशी दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, पालक किंवा पालकांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहणार, आणि 72 तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. आमच्याकडे तर भेट महिन्यानंतर असं सांगितलेलं, फोनसुद्धा नाही! तेव्हा ही केंद्रं आरोग्य खात्याने एकदा न कळवता जाऊन बघावीत, डॉक्टर नुसता बोर्डावर आहे की खरंच येतो ते.

भाचा आता घरी आहे. चिडतो अजून, पण मानसोपचारतज्ज्ञाकडे दर पंधरा दिवसांनी जातो, स्वतःहून. फिट्सची गोळी ताई समोर उभं राहून देते. केंद्राकडचं डिपॉझिट मागतोय तर फोन उचलत नाहीत.

- एक मामा, सातारा