तुला दिलेल्या एका सल्ल्याबद्दल

प्रिय मित्रा,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

तुझं पत्र चार दिवस टेबलावर पडून आहे. मेव्हण्याच्या व्याजी कर्जाचा विषय ईदला सगळं घर जमेल तेव्हा काढू का, एवढंच तू विचारलंस. त्याचं उत्तर दोन ओळींत झालं असतं. अडलो तो तुझ्या शेवटच्या वाक्यापाशी: मक्तबच्या वेळी तू अडवलंस म्हणून मी वाचलो, तुझी नसीहत मी कधी टाळणार नाही.

पाच वर्षं झाली त्याला. संध्याकाळी मक्तबमध्ये मुलांना कुरआन वाचायला शिकवशील का, असं तुला विचारलं गेलं आणि तू आधी माझ्याकडे आलास. मी म्हणालो, तुझी तजवीद (कुरआनाच्या उच्चारांची शिस्त) अजून कच्ची आहे, पोरांच्या तोंडी चुकीचा उच्चार बसला तर त्याचा हिशेब तुला द्यावा लागेल, आणखी दोन वर्षं शीक. यातला एकही शब्द खोटा नव्हता. अरबीतली ती दोन अक्षरं, छोटा काफ आणि बडा काफ, तुझ्या तोंडून तेव्हा सारखीच निघायची. (हसू नकोस.) पण ती जागा मला हवी होती. तू नाही म्हणालास की ती माझ्याकडे येणार, हे तू दारातून आत आलास तेव्हाच मला ठाऊक होतं. तशी ती आली. मी शिकवू लागलो, आणि तू भेटेल त्याला सांगत राहिलास की दोस्त असावा तर असा.

प्रेषितांचे सोबती तमीम दारी (रजि.) यांच्याकडून आलेली ती हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, आपण दोघांनी एकत्रच पाठ केली होती: 'दीन म्हणजे नसीहत.' मुलांना शिकवताना मी तिचा अर्थ 'भलं चिंतणं' असा सांगायचो. नंतर वाचलं की अरबीत याच धातूपासूनचा शब्द मेण काढून गाळलेल्या मधालाही वापरतात. मी तुला दिला तो मधच होता, पण न गाळलेला.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिने माझी झोप उडवली. कुरआनाच्या सूरह आराफमध्ये इब्लीस, म्हणजे सैतान, आदम आणि हव्वा यांच्यापुढे शपथ घेऊन म्हणतो, मी तुमच्या हितचिंतकांपैकी आहे. शब्द आहे 'नासिहीन'. सूरह कससमध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक माणूस धावत मूसांकडे येतो. सरदार तुम्हाला ठार मारायच्या मसलतीत आहेत, निघून जा, असं सांगतो आणि म्हणतो, मी तुमच्या हितचिंतकांपैकी आहे. पुन्हा 'नासिहीन'. वाक्य जवळजवळ तेच! एकाने जन्नतमधून बाहेर काढवलं, दुसऱ्याने जीव वाचवला. त्या धावत आलेल्या माणसाचं नावही कुरआनात नाही. इशारा देऊन तो गोष्टीतून निघून जातो. मी मात्र सल्ला देऊन तिथेच रेंगाळलो, जागा रिकामी होते का बघत.

यूसुफ यांच्या भावांनीही वडिलांना हेच सांगितलं होतं, आम्ही त्याचे हितचिंतकच आहोत. म्हणून आता कुणी 'तुझ्या भल्यासाठी सांगतोय' अशी सुरुवात केली की माझे कान टवकारतात. सर्वांत आधी स्वतःच्या तोंडून ते निघतं तेव्हा.

तरी मनात काही लपलेलं असणं हाच गुन्हा, असंही मला वाटत नाही. मूसा तान्हे होते तेव्हाची त्यांची बहीण आठव. फिरऔनच्या माणसांना ती सांगते, या बाळाला सांभाळेल आणि त्याचं भलं चिंतेल असं एक घर दाखवू का? ते घर तिचंच होतं, हे तिने सांगितलं नाही. तिच्या मनात हेतू होता, पण बाळाचं भलं आणि तिचा हेतू यांत अंतर नव्हतं. माझ्या बाबतीत ते होतं. तुझ्या नकाराने मुलांचं जेवढं भलं व्हायचं तेवढं झालं असेल, पण मला आनंद झाला तो त्याचा नव्हता.

जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) हाती बैअत (निष्ठेची शपथ) केली ती नमाज, जकात आणि प्रत्येक मुसलमानाचं भलं चिंतण्याची. त्यांच्या नोकराने एक घोडा 300 दिरहमला ठरवून आणला. जरीर मालकाला म्हणाले, तुझा घोडा याहून मोलाचा आहे, 400 ला देतोस? असं करत करत त्यांनी स्वतःच किंमत चढवली आणि शेवटी 800 मोजले. कारण विचारल्यावर त्यांनी ती बैअत सांगितली. त्यांच्या नसीहतीने त्यांचे 500 दिरहम गेले. माझ्या नसीहतीने मला मक्तब मिळालं.

मग गप्पच बसावं का? महिनाभर मी तेही करून पाहिलं. कुणी काही विचारलं की 'तुम्हीच ठरवा.' त्यातही एक रुबाब असतो बघ, भला माणूस कसा, कुणाच्या अध्यात न मध्यात. जुने सूफी फुजैल बिन इयाज (रह.) यांनी ही वाटही बंद करून ठेवली आहे: लोकांसाठी अमल (सत्कर्म) सोडणं म्हणजे रिया (दिखावा), लोकांसाठी अमल करणं म्हणजे शिर्क (अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार करणं), आणि या दोन्हींतून अल्लाहने सोडवावं तो इख्लास (निखळ हेतू). हे पत्र लिहितानाही आत कुणीतरी कुजबुजतंय की वाचून तू म्हणशील, किती साफ दिलाचा आहे. म्हणूनच ते चार दिवस लांबलं. पण तेवढ्यासाठी फाडून टाकलं तर तू उरलेलं आयुष्य माझे आभार मानत राहशील, आणि ते मला सोसणार नाही.

आता मेव्हण्याचं. माझं मत विचारशील तर, ईदला नको. इमाम शाफई यांच्या नावावर असलेल्या ओळी तुला माहीत आहेत: नसीहत एकांतात कर, चारचौघांत केलेली नसीहत ही एक प्रकारची झिडकारच असते. व्याज हराम आहे हे त्याला ठाऊक नसेल असं वाटतं का तुला? त्याला कदाचित बाहेर पडायची वाट दिसत नसेल. थोडी रक्कम बिनव्याजी देऊ शकत असशील तर ती तयारी ठेवूनच जा, आणि एकटा जा.

अजून एक विचारतो, रागावू नकोस. गेल्या ईदला त्याने तुझ्या नोकरीवरून सगळ्यांदेखत टोमणा मारला होता, तूच सांगितलं होतंस. त्याचं उट्टं तर यात मिसळलेलं नाही ना? इमाम गझालींनी यासाठी एक कसोटी सांगितली आहे: हेच काम दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने झालं तर तुला तितकंच बरं वाटेल का? समज, तुझ्या आधी त्याच्या भावाने समजावलं आणि त्याने कर्ज मिटवलं. तुला हलकं वाटेल, की ईदला बोलायचं हुकलं म्हणून चुटपुट लागेल? उत्तर मला कळवायची गरज नाही. या वेळी माझं काही अडकलेलं नाही, त्याची माझी धड ओळखही नाही. निदान मला तसं वाटतं.

मक्तबची जागा पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, मी सोडतोय. तुझं नाव मी परस्पर सुचवलेलं नाही. गेल्या रमजानमध्ये तुझ्या मागे नमाजला उभा होतो, तेव्हा ऐकलं, बडा काफ आता माझ्याहून चांगला काढतोस. घ्यायचं की नाही हे मला मात्र विचारू नकोस, दुसऱ्या कुणाला विचार. हजेरीची वही आणि मुलांचे कायदे (अक्षरओळखीची पुस्तकं) माझ्याकडे आहेत, हवे असतील तेव्हा घेऊन जा.

राग आला असेल तर लिही. नसेल आला तरी लिही.

तुझा,
दुआचा मोहताज