विषय: 'या' म्हणजे डेमोला या नव्हे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरशी 22 मिनिटं बोलून फोन ठेवला, म्हणून हे पत्र.

पंधरा दिवसांत तुमचा वॉटर प्युरिफायरवाला आमच्या गुहागरच्या घरी चारदा आला. चारही वेळा दुपारी अडीचला, बेडं (फाटक) स्वतःच उघडून थेट पडवीत. सासूबाई 84 वर्षांच्या, तेव्हाच जरा डोळा लागलेला असतो.

डेमो तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्याच मीटरवर आमच्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 64 आला. भारतीय मानकात 500 पर्यंत चालतो, असं म्हटल्यावर त्याने पाण्यात वीज सोडणाऱ्या सळयांचं ते खेळणं काढलं. आमचं पाणी तांबूस झालं. "बघा आजी, काय पिताय!" सासूबाई घाबरल्या. अहो, पाण्यात उतरतं ते तुमच्या सळईचं लोखंड! मी त्याच्या 'शुद्ध' पाण्यात, वीज वाहावी म्हणून, चिमूटभर मीठ टाकून पुन्हा सळया बुडवायला लावल्या, तर ते आमच्याहून घाण झालं. तर म्हणे, "मॅडम, मीठ घालायचं नसतं."

आता आजचा फोन.

"मॅडम, सिस्टीमला कस्टमर इंटरेस्टेड दाखवतंय."

कोण इंटरेस्टेड?

"घरातल्या सिनिअर मॅडमनी चारही वेळा 'या' सांगितलंय."

यावर काय बोलायचं? उंबऱ्यावरून निघालेल्या माणसाला 'जा' म्हणायची आमच्यात रीत नाही, 'या' म्हणतात. पोस्टमनला म्हणतात, मीटर रीडिंगवाल्यालाही म्हणतात. सिस्टीमला मराठी येत नसेल, फोनवरच्या मुलीला अस्खलित येत होतं. मी हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ओके मॅडम, मग पुढचा डेमो कधीचा ठेवू?" वर कॉलला 1 ते 5 गुण द्या म्हणे. मी शून्य दाबलं, तर रेकॉर्डिंग पहिल्यापासून सुरू.

आणि आम्ही तुमचेच ग्राहक आहोत हो! मुलाच्या रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये तुमचंच मशीन आहे. त्याचा फिल्टर बदलायला फेब्रुवारीपासून माणूस मिळत नाही. बोलावतो तिथे फिरकत नाहीत, नको तिथे दुपारी अडीचला हजर.

तुमच्या डेमोवाल्याच्या माहितीपत्रकावर 'थेट विक्री प्रतिनिधी' छापलंय. मग थेट विक्रीचे 2021 चे नियम तुम्ही वाचलेच असतील. ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय ग्राहकाच्या दारात जाता येत नाही. ओळखपत्र मागितलं तर त्याने स्कीमचं पत्रक पुढे केलं.

आमचा नंबर यादीतून काढल्याचं आठ दिवसांत लेखी कळवा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. तोवर दुपारी कुत्रा मोकळा असेल. त्याला दात उरलेले नाहीत, पण हे तुमच्या माणसाला ठाऊक नाही.

आपली (अजून तरी) ग्राहक

ता. क. त्याची छत्री पडवीत राहिली आहे. कुरिअरने पाठवते. न्यायला कुणाला पाठवू नका.