रविवारी शिरीषदादा येईल, त्याआधी हे वाचा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं नीट वाचणारच नाही. तुमची शंका बरोबर होती. कॉम्प्युटरमध्ये एक लबाड फाइल घुसली होती आणि ती तुमच्यामुळेच सापडली. बँकेतून एक रुपयाही गेलेला नाही. मी दोन्ही खात्यांची स्टेटमेंटं ओळ न् ओळ पाहिली, आणि पासवर्ड तर आपण त्याच रात्री फोनवरून बदलले. तेव्हा आज निवांत झोपा. आई सांगत होती, "रात्रीचे दोन दोन वाजेपर्यंत त्या खोलीत बसून राहिले, कूलरही लावत नाहीत." मे महिन्यातलं नागपूर, त्यात तुमचं बीपी. मी इथे बंगळूरला बसून काय करू शकते, सांगा? जीव खालीवर होतो नुसता.

आता तुमचा प्रश्न. आत काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये एसव्हीसीहोस्ट हे एकच नाव पन्नास-साठ वेळा दिसलं आणि तुम्हाला वाटलं, इतके व्हायरस! तसं नाही बाबा. ते विंडोजचं स्वतःचंच नाव आहे. आवाज, नेटवर्क, अपडेट अशा बऱ्याच सेवा एकट्याने चालू शकत नाहीत, त्यांना राहायला छप्पर लागतं, ते छप्पर म्हणजे ही फाइल. महालातला आपला वाडा आठवा, दिंडीदरवाजा एक आणि आत बिऱ्हाडं किती! आधी हेही तसंच होतं. २०१७ साली विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं, आणि साडेतीन जीबीच्या वर मेमरी असलेल्या कॉम्प्युटरवर बहुतेक बिऱ्हाडांना वेगळं घर मिळालं, म्हणजे एकात बिघाड झाला तरी बाकीची सुरळीत राहावीत. म्हणून ते नाव इतक्यांदा दिसतं. कोपऱ्यावरच्या त्या मुलाचं ऐकून तुम्ही ती सगळी बंद केली नाहीत, फार बरं झालं. त्यातली काही बंद केली की विंडोजच कोसळतं.

आकड्यावरून काही कळत नाही, पत्त्यावरून कळतं. मी इथूनच तुमच्या स्क्रीनवर, टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जाऊन एकेकीवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' पाहत गेले. खऱ्या सगळ्या सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, सिस्टिम ३२ मध्ये निघाल्या. (सिस-वाव ६४ मध्ये दिसली तरी घाबरायचं नसतं, तोही विंडोजचाच फोल्डर आहे.) एकच तेवढी तुमच्या नावाच्या फोल्डरात, ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये दडून बसली होती. प्रॉपर्टीज उघडल्या, तर खरीवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही, हिच्यावर सहीचा रकानाच नाही.

मग व्हायरसटोटल ही वेबसाइट. तिथे एकच फाइल सत्तरेक अँटिव्हायरस मिळून तपासतात. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालेली सेवा आहे, २०१२ पासून गुगलकडे. मी फाइल तिथे चढवलीही नाही, तिचा चौसष्ट अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, तो काढला आणि नुसता तो शोधला. एखाद-दुसऱ्या अँटिव्हायरसने नाव ठेवलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं, कधी कधी चांगल्या फाइललाही ते वाईट म्हणतात. इथे मात्र पडदा लालच लाल झाला. आणि बाबा, तुम्हीही कधी तिथे जाल म्हणून सांगते, पेन्शनची किंवा आधारची कागदं तिथे चढवायची नाहीत. चढवलेलं इतरांना बघायला मिळू शकतं.

ती आली कुठून तेही सापडलं. डाउनलोड्समध्ये 'पेन्शन फॉर्म पीडीएफ' नावाची जी फाइल होती ना, तिच्या शेपटाला ईएक्सई होतं, म्हणजे तो कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ते शेपूट मुळातच लपवून ठेवतं. कुणालाही फसवेल असं आहे ते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लहानपणी गोकुळपेठच्या बाजारात तुम्ही प्रत्येक नोट उजेडात धरून बघायचात, मी मेली लाजायची आणि तुमच्या सदऱ्यामागे लपायची. तुमचा तो चौकसपणाच या वेळी आपल्याला उपयोगी पडला.

आता जे ठरवलंय ते. शिरीषदादा रविवारी येईल आणि कॉम्प्युटर पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकेल. त्याला मी सांगूनही टाकलंय. डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसने, ती फाइल अडकवून ठेवली आहे हे खरं, पण ती एकदा आत चालली की आणखी काय काय पेरून गेली, याची खात्री कोण देणार? आणि नवीन खातं साधं असेल, सगळे अधिकार असलेल्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड माझ्याकडे राहील. बाबा, हे वाचून राग येईल, मला माहीत आहे. पण विश्वास नाही म्हणून हे करत नाहीये. मी माझ्या लॅपटॉपवरही रोज साध्या खात्यातूनच काम करते, आमच्या ऑफिसमध्येही सगळ्यांचं तसंच आहे. साध्या खात्यात असं काही घुसलं तरी त्याला सगळ्या घरभर हात मारता येत नाही, एवढंच. तुम्हाला नवीन काही टाकायचं असेल तर फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी उचलीन.

तुमचं काही हरवणार नाही. हिशेबाची एक्सेल, आईची नाट्यगीतं, चिनूचे बारशाचे फोटो, सगळं आधी हार्ड डिस्कवर जाईल. आयकॉन आत्ता आहेत तिथेच, अक्षर याहून थोडं मोठं, आणि पत्त्यांचा खेळही असेल, आई, तू विचारण्याआधीच सांगते.

तोपर्यंत कॉम्प्युटर बंद ठेवायचा. नुसता स्क्रीन नाही, मागचा स्विच. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" म्हणून फोन आला तर ठेवून द्यायचा, ते आपणहून फोन करत नाहीत. स्क्रीनचा ताबा दुरून फक्त मला किंवा दादाला द्यायचा, तोही आवाज ओळखून. पैशाचं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मला नंतर. आणि बाबा, बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, पेपर वाचून झाल्यावर नाही.

आई, दादा नऊ वाजता नरेंद्रनगरहून निघेल. त्याच्यासाठी तर्री-पोहे कर, पण बाबांच्या पोह्यांवर तर्री नको.

तुमची,
मनू