आई, डॉक्टरांसमोर तू स्वतः बोल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेले आईचे रिपोर्ट नीट वाचले. फोनवर हे बोलणं होत नाही. आई लगेच "मला काही झालेलं नाही, तू जेवलीस का?" म्हणून विषय बदलते. म्हणून पत्र लिहितेय.

गेल्या वर्षी आईचं कॅल्शियम १०.९ होतं, या वेळी ११.१ आलंय. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा साडेदहाच्या आसपास असते. दोन्ही रिपोर्टांत आकड्याशेजारी चांदणी छापलेली आहे आणि दोन्ही वेळा "थोडं जास्त आहे, चालतं या वयात" असं सांगितलं गेलं. आई, मला हे पटलेलं नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, वय झालं म्हणून ते आपोआप वाढत नाही.

गळ्यात थायरॉइडच्या मागे साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. कॅल्शियम कमी पडलं की त्या पीटीएच नावाचं हॉर्मोन सोडतात आणि हाडांतून, अन्नातून, मूत्रपिंडातून ते भरून काढतात. पुरेसं झालं की थांबतात. टाकी भरल्यावर मोटर बंद व्हावी, तसं. पण कधीकधी त्यातल्या एका ग्रंथीवर साधी, कॅन्सर नसलेली गाठ होते आणि ती थांबतच नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त आढळतं. मग मुतखडा होतो, हाडं ठिसूळ होतात, तहान, बद्धकोष्ठता, थकवा, विसरभोळेपणा, उदास वाटणं मागे लागतं. तुझा मुतखडा एका डॉक्टरांनी पाहिला, कंबर दुसऱ्यांनी, आणि उदासपणा तर कोणालाच सांगितला गेला नाही. हे सगळे धागे एकाच ठिकाणचे असतील का, एवढं तरी कोणीतरी बघायलाच हवं.

त्यासाठी कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि पीटीएच एकाच वेळच्या रक्तातून तपासायचं. सोबत ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते कळतं. बाबा, इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पीटीएचचा आकडा 'नॉर्मल' छापून आला तरी फाइल बंद करायची नाही. समजा मर्यादा १५ ते ६५ आहे आणि आईचं ५८ आलं. एरवी ठीक. पण कॅल्शियम ११ च्या वर असताना पीटीएच अगदी खाली जायला हवं. ते तसं गेलं नसेल, तर तो नॉर्मल आकडाच बोलका आहे. पुष्कळांचं निदान नेमकं इथे अडकतं.

आणखी एक. आईच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे. म्हणजे त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे आणि त्यानेही कॅल्शियम वाढू शकतं. गोळी मनाने बंद करू नका. पट्टी सोबत न्या आणि विचारा. गुडघ्यांसाठी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच.

आता मला खरं जे सांगायचंय ते. दिवाळीत मी तुमच्यासोबत दवाखान्यात आले होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आई, तू पदर सावरलास, बाबांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तसं काही नाही, जरा थकायला होतं." बाकीचं बाबांनी सांगितलं. त्याच दिवशी सकाळी कणीक मळताना तू दोनदा खाली बसली होतीस. रात्री पाण्यासाठी किती वेळा उठतेस, ते बाबांना झोपेत कळतही नाही. ते डॉक्टरांना कोण सांगणार? बाबा, तुमचं प्रेम मला दिसतं, पण या वेळी उत्तर आईला देऊ द्या. आई, दुखणं लहान करून सांगू नकोस. वहीत लिहून ने आणि वाचून दाखव.

"डॉक्टरांना शिकवायला निघालो असं वाटेल," हे बाबांचं म्हणणं मला कळतं. इतक्या वर्षांचे संबंध आहेत. पण विचारण्याने मान कमी होत नाही. एवढंच म्हणा: "कॅल्शियम दोनदा जास्त आलंय, पीटीएच बघू या का? नको असेल तर का नको, तेही सांगा. हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्याल का?"

चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन जहाजाचा कप्तान होता. याच आजाराने त्याची हाडं इतकी झिजली की उंची कित्येक इंच कमी झाली. गळ्यात शोधून गाठ सापडेना. त्याने स्वतः वैद्यकाची पुस्तकं वाचली आणि छातीत बघा म्हणून आग्रह धरला. १९३२ साली, सातव्या ऑपरेशनला, गाठ खरंच छातीत सापडली. पण तोवर मूत्रपिंडं खराब झाली होती आणि तो थोड्याच आठवड्यांत गेला. आज अनुभवी सर्जनच्या हाती बहुतेक लोक एका ऑपरेशनमध्ये बरे होतात. म्हणून मला उशीर नकोय.

कदाचित दुसरंच काही निघेल, कदाचित नुसती गोळी बदलावी लागेल. काहीही निघो, कारण कळायला हवं. तोवर पाणी भरपूर पी. उलट्या झाल्या, गोंधळल्यासारखं वाटलं तर वाट न बघता थेट हॉस्पिटलात जा.

बाबा, सोमवारी सकाळी रक्त द्या. नंबर लावताना मला फोन करा, डॉक्टरांशी बोलताना मी फोनवर असेन. आई, वही आजच काढ.

तुमची,
माई